जुन्या जीप पिकअपचा क्लच सुटत नाही: गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

इंजिन चालू, गाडी उभी, क्लच तळापर्यंत दाबलेला आणि रिव्हर्स टाकताना दातांचा खर्रर्र आवाज. अशी गाडी गॅरेजात नेली की बहुतेक वेळा एकच निदान ऐकायला मिळतं: "प्लेट गेली, बॉक्स उतरवूया." मग बॉक्स उतरतो, नवी प्लेट पडते, नवं बेअरिंग पडतं, दोन दिवस जातात आणि गाडी तसंच खर्रर्र करत बाहेर येते.

प्लेट झिजल्यावर होतं ते वेगळं. तेव्हा क्लच स्लिप होतो. जोतिबाच्या चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढं सरकत नाही, लायनिंग जळाल्याचा वास येतो. क्लच न सुटणं, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे न होणं, हा नेमका उलटा दोष आहे. धरायचं काम चोख चाललंय, सोडायचं काम अडलंय. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटची (प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, दाबून धरणाऱ्या भागाची) बोटं मागं येतात, पेडलचा प्ले, म्हणजे सुरुवातीची रिकामी चाल, कमी होतो आणि पेडलनं सरकणारं रिलीज बेअरिंग बोटांना लवकर लागतं. सोडायच्या बाजूनं ते फायद्याचंच आहे. म्हणून नुसत्या झिजलेल्या प्लेटमुळं क्लच न सुटणं क्वचितच घडतं, आणि बॉक्स उतरवणं ही पहिली पायरी असता कामा नये.

इथं जे लिहिलंय ते विलीज या अमेरिकी कंपनीच्या वळणाच्या महिंद्रा जीप आणि पिकअप डोळ्यांसमोर ठेवून: एफ-१३४ हरिकेन पेट्रोल इंजिन, टी-९० तीन गिअरचा बॉक्स, मागं डाना १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि क्लचला हायड्रॉलिकचं काही नाही, सगळं रॉड, आडवी नळी आणि केबल. चपट्या तोंडाच्या एफसी पिकअपमध्ये ड्रायव्हर पार पुढं बसतो, त्यामुळं लिंकेज, म्हणजे पेडलपासून क्लचपर्यंतची ही जोडणी, लांब आणि सांधे जास्त. तत्त्व तेच, फक्त ढिलाई शोधायच्या जागा वाढतात.

आधी दोष खरा आहे का ते बघा

टी-९० मध्ये पहिला आणि रिव्हर्स या दोन्ही गिअरना सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रचना) नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. त्यामुळं क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स ढकलला तर ठणठणीत क्लचवरसुद्धा दात घासणार. क्लच सुटला तरी इनपुट शाफ्ट (क्लचकडून बॉक्समध्ये जाणारा दांडा), प्लेट आणि खालचा काउंटर शाफ्ट आपल्या वेगानं काही सेकंद फिरत राहतात. गरम झालेल्या किंवा पातळ तेल भरलेल्या बॉक्समध्ये ते आणखी उशिरा थांबतात.

तपासायचं असं. इंजिन गरम करा. आयडल बघा. या इंजिनाला सुमारे ६०० आरपीएम पुरतं. कार्बुरेटर वर चढवून ठेवलेला असेल तर आधी तो खाली आणा, कारण १,००० वर आयडल करणारं इंजिन थोडा दोष मोठा करून दाखवतं. मग न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, मनात सावकाश दहा अंक मोजा आणि रिव्हर्स टाका. गुपचूप पडला तर क्लच सुटतोय, दोष तुमच्या घाईत आहे. दहा अंकांनंतरही घासला तर शाफ्टला कुणीतरी फिरवत ठेवलंय. कोण, तेच शोधायचं आहे. आणि फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला, तेही धावत्या गाडीत, आवाज येत असेल तर सिंक्रोच्या पितळी रिंगा बघा. तो क्लचचा विषय नाही.

दुसरी चाचणी सपाट, मोकळ्या जागेत. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा, ब्रेक सोडा, गाडीसमोर कुणी नाही हे बघा आणि स्टार्टर मारा. गाडी स्टार्टरबरोबरच पुढं उडी मारत असेल किंवा इंजिन लागल्यावर रेंगाळत सरकत असेल, तर प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मधून मोकळी होत नाहीये. गाडी जागेवर शांत उभी राहते, पण न्यूट्रलमधून गिअर टाकताना मात्र घासतो, असं असेल तर ओढ बारीक आहे. बारीक ओढ इनपुट शाफ्टला फिरवते, गाडीला हलवू शकत नाही. इथं पायलट बुशवर, म्हणजे इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणाऱ्या छोट्या नळकांड्यावर, संशय धरायला सुरुवात करायची.

तिसरी चाचणी सगळ्यांत कामाची आणि सगळ्यांत कमी केली जाणारी. फोर्ककडच्या (रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या काट्याकडच्या) ॲडजस्टिंग नटावर खडूनं खूण करा, लॉकनट सोडा आणि प्ले तात्पुरता जवळजवळ शून्यावर आणा. किती फेरे दिले ते लिहून ठेवा. पुन्हा दहा अंक मोजून रिव्हर्स टाका. आता गुपचूप पडला तर दोष चाल हरवण्याचा आहे, आणि हरवलेली चाल बहुतेक बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, बाहेर सापडते. काहीच फरक पडला नाही तर दोष आत आहे: पायलट बुश, स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा), वाकडी प्लेट, नाहीतर बोटं.

तपासून झाल्यावर प्ले परत जागेवर आणा. शून्य प्लेवर "झालं काम" म्हणून गाडी सोडणारे मिस्त्री कमी नाहीत. रिलीज बेअरिंग मग सतत बोटांवर फिरत राहतं, गरम होतं, त्यातलं ग्रीस आटतं आणि बोटांची टोकं घासली जातात. शिवाय प्लेट थोडी झिजली की तोच क्लच स्लिप व्हायला लागतो. दोष गेलेला नसतो, फक्त पुढच्या मोसमावर ढकललेला असतो.

मिलिमीटरचा हिशेब

इतकी थोडी ढिलाई एवढं नुकसान का करते, हे आकड्यांवरून कळतं. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण बरोबर. पेडल एकूण ६ इंच खाली जातं असं धरा. त्यातला सव्वा इंच प्ले. उरले पावणेपाच इंच, म्हणजे १२० मिमी. लिंकेजमधून फोर्कच्या टोकाशी त्याचे २० मिमी उरतात, फोर्क त्याचे बेअरिंगशी १० मिमी करतो आणि बोटं त्याची प्रेशर प्लेटशी २ मिमी उचल करतात. प्लेटच्या दोन लायनिंगच्या मधल्या लहरी पत्र्याचा दाब सुटला की तो फुगतो आणि त्यातली पाऊण-एक मिमी जागा खाऊन टाकतो. हातात राहिली साधारण १ मिमी, दोन्ही बाजूंना मिळून. म्हणजे एका बाजूला अर्धा मिमी.

आता पिनांची भोकं लांबुडकी झाली, आडव्या नळीचे गोळे झिजले आणि फोर्कच्या टोकाशी ५ मिमी कमी पोचले, तर उचल दीडच मिमी होते. फुगवटा वजा केला की एका बाजूला पाव मिमीच्या आसपास उरतं. त्यात प्लेट जरा जरी वाकडी असेल तर ती टेकणारच. फोर्कशी झालेली ही ५ मिमीची चोरी पेडलवर ३० मिमीची होते, तरी हळूहळू वाढत गेल्यानं पायाला सहज कळत नाही. म्हणून पायाच्या अंदाजावर भरवसा ठेवू नका, पट्टी लावा.

बाहेरची शोधाशोध

दोन माणसं लागतात. एकजण पेडल दाबत राहतो, दुसरा गाडीखाली. इंजिन बंद, चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे.

सुरुवात पेडलपासूनच करा. प्ले मोजा: हातानं पेडल दाबताना जिथं जड लागतं तिथपर्यंत एक ते दीड इंच हवा. दोन-अडीच इंच असेल तर निम्मा आजार तिथंच सापडला. पेडल खाली कुठं अडतंय तेही बघा. जुन्या पिकअपच्या तळाला पत्र्याची ठिगळं मारलेली असतात, वरून जाड रबरी मॅट टाकलेली असते. २० मिमीच्या मॅटनं पेडलची चाल तेवढीच कापली जाते. हे इतकं साधं आहे की कुणी बघतच नाही. पेडलचा दांडा चेसिसमधल्या बुशात आडवा हलतो का, पेडल शाफ्टवर घट्ट बसलंय का, वाकलंय का, हे हातानं हलवून कळतं.

मग पेडलपासून आडव्या नळीपर्यंतचा रॉड. दोन्ही टोकांच्या पिना काढून बघा. पिन मधे खाचलेली आणि भोक अंड्यासारखं झालेलं दिसेल. नवी पिन जुन्या भोकात टाकून काही मिळत नाही. भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा पाडायचं किंवा मोठं करून त्यात बुश मारायचं. शिवाजी उद्यमनगरात हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि अशा कामात कोल्हापूरच्या लेथवाल्यांचा हात धरणारं सहसा कुणी नाही. फक्त मोजमाप देताना पिनेला मोकळं हलायला जागा ठेवायला सांगा. ठोकून बसवलेली पिन लिंकेजला आखडवते आणि मग पेडल वर येत नाही.

आडवी नळी हा या गाड्यांमधला सगळ्यांत मोठा चोर. तिचं एक टोक चेसिसवरच्या गोळ्यावर, दुसरं बॉक्सच्या बाजूच्या गोळ्यावर. चिखल, वाळू आणि वर्षानुवर्षं न मारलेलं ग्रीस यांमुळं गोळे चपटे होतात आणि नळीची टोकं आतून खाल्ली जातात. पेडल दाबताना नळी गोल फिरायला हवी. ती फिरण्याआधी आडवी सरकते किंवा वरखाली उसळते असं दिसलं की तिथं कित्येक मिमी गेले. गोळे भरून लेथवर गोल करता येतात, नवेही मिळतात. नळीतली स्प्रिंग आणि धूळ अडवणारी फेल्टची वायसर नव्यानं टाका. निपल असेल तर त्यातून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारा. नळीवरचे दोन लिव्हर वेल्डिंगला चिरलेले असू शकतात. चीर बंद असताना दिसत नाही, पेडलवर जोर आला की उघडते.

केबल असेल तर तिची एक-दोन तारं तुटून उरलेल्या ताणल्या गेल्यात का बघा. अशी केबल रोज थोडी लांब होते. दर आठवड्याला प्ले काढावा लागत असेल तर प्लेट नव्हे, केबल संपत आलीय. वजन बांधायच्या साध्या तारेची केबल करून बसवलेली दिसते कधी कधी. ती ताणतच राहते, काढून टाका.

आता या गाड्यांची खासियत. क्लच दाबला की सगळा जोर इंजिनाला पुढं ढकलतो. पुढचे रबरी माउंट तो एकटे झेलू शकत नाहीत, म्हणून विलीजनं इंजिनाच्या मागच्या खालच्या भागापासून मधल्या आडव्या मेंबरपर्यंत एक स्टे केबल दिली होती. इंजिन पुढंमागं सरकू नये, पण आडवं हलायला मोकळं राहावं, हे तिचं काम. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती कधीच निघून गेलेली असते, आणि ती काय होती हेही कुणाला आठवत नाही. बॉनेट उघडा, पंखा आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीकडं बघा आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. फट डोळ्यांना दिसेल इतकी कमी होत असेल तर तुमचा पाय क्लच दाबायच्या आधी इंजिन ढकलतोय. केबल लावा, ढिली नको आणि तारेसारखी ताणलेलीही नको. मऊ पडलेले माउंटही त्याच वेळी बदला.

त्याच बैठकीत क्रँकची पुली बघून घ्या. पेडल दाबताना पुली ब्लॉकच्या मानानं पुढं येते का? या इंजिनात क्रँकचा पुढंमागं प्ले ०.००४ ते ०.००६ इंच, म्हणजे ०.१० ते ०.१५ मिमी हवा. डायल गेज लावा. अर्धा मिमी निघाला तर तेवढीच चाल बेअरिंगशी वजा होते. त्याहून वाईट म्हणजे थ्रस्ट वायसर झिजलंय. ते पुढच्या मेन बेअरिंगशी असतं आणि प्ले शिमनं जमवायचा असतो. पेडलच्या शून्य प्लेवर गाडी चालवत राहिलं की हाच वायसर आधी खाल्ला जातो.

शेवटी फोर्क. बेल हाउसिंगच्या खिडकीतून टॉर्च मारा. पेडल दाबताना फोर्कचं टोक किती सरकतं ते पट्टीनं मोजा. बाहेरचं टोक सरकतंय पण बेअरिंग तेवढं जात नाही, तर फोर्क वाकतोय, चिरलाय किंवा त्याचा आतला गोळा झिजलाय. इथून पुढं बॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही.

आत काय सापडतं

बॉक्स उतरवायचा ठरला तर दोन गोष्टी आधी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. बेल हाउसिंग कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आणि बॉक्स ट्रान्सफर केससकट जड असतो. त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिलं तर प्लेटचा हब वाकतो. चांगली प्लेट वाकवून क्लच न सुटणारा करायचा हा हमखास मार्ग आहे. चढवताना बेल हाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत डोकं कापलेले लांब स्टड घाला आणि बॉक्स त्यांच्यावरून सरळ सरकवा. बोल्ट आवळून बॉक्स ओढून घ्यायचा मोह टाळा. तो हातानं सरकत नसेल तर काहीतरी एका रेषेत नाहीये.

आत सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा दोषी पायलट बुश असतो. फ्लायव्हीलच्या मधे, क्रँकच्या टोकात बसणारं हे छोटं पितळी नळकांडं इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरतं. क्लच सुटल्यावर क्रँक फिरतो, शाफ्ट थांबतो, आणि त्या दोघांमधली घसरण या बुशात होते. ते कोरडं पडून शाफ्टला पकडायला लागलं की प्लेट मोकळी असूनही शाफ्ट फिरतच राहतो. प्ले कितीही काढा, फरक शून्य. शाफ्टचं टोक निळसर झालेलं किंवा त्यावर पितळ चिकटलेलं दिसलं की दुसरा पुरावा नको.

जुनं बुश काढायची सोपी युक्ती: भोक ग्रीसनं किंवा भिजवलेल्या कागदाच्या लगद्यानं गच्च भरा, बुशाच्या भोकात नेमकी बसणारी गोल दांडी घाला आणि हातोडा मारा. मागचा दाब बुशाला बाहेर ढकलतो. नवं बुश सच्छिद्र, तेल पिणारं असेल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. घाई असेल तर एक टोक अंगठ्यानं बंद करून आत तेल भरा आणि दुसऱ्या अंगठ्यानं दाबा, बाहेरच्या अंगावर तेलाचे घामासारखे थेंब येतील. अशा बुशात ग्रीस भरू नका, त्याची छिद्रं बुजतात. लेथवर ठोस गनमेटलचं करून घेतलं तर त्याला तेलाची खाच हवी आणि शाफ्टशी ०.०५ ते ०.१ मिमी मोकळीक हवी. ठोकल्यावर बुशाचं भोक आवळतं, हे विसरून बऱ्याच वेळा घट्ट बुश बसवलं जातं आणि नव्या कामावर तोच जुना दोष येतो. ठोकून झाल्यावर सुटा शाफ्ट घालून बोटांनी फिरवून बघा.

मग प्लेट शाफ्टच्या स्प्लाइनवर सरकवून बघा. शाफ्ट उभा धरला की ती आपल्या वजनानं खाली घसरायला हवी. अडखळत असेल तर गंज किंवा हबच्या खाचेत पडलेले खड्डे. वायर ब्रशनं साफ करा, उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचं पातळ बोट फिरवा आणि जादा पुसून घ्या. जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं. शाफ्टच्या दातांना पायरी पडली असेल तर ग्रीसनं काम होणार नाही.

प्लेटचा वाकडेपणा शाफ्टवर फिरवून कडेला डायल गेज लावून मोजा. अर्धा मिमीपर्यंत ठीक, ०.८ च्या वर गेली तर ठेवू नका. वरचा हिशेब आठवा, एका बाजूला जागाच तेवढी आहे. गिअर टाकताना खर्र-खर्र असा तुटक आवाज आणि गाडी झटके देत सरकणं हे वाकड्या प्लेटचं लक्षण. लायनिंग तेलकट असेल तर आधी तेल कुठून आलं ते बघा: क्रँकच्या मागच्या सीलमधून की बॉक्सच्या पुढच्या बाजूनं. तेलकट लायनिंग गरम झाल्यावर चिकट होते, मग क्लच स्लिपही होतो आणि सुटतही नाही. बेल हाउसिंगच्या तळाचं भोक बुजलेलं असेल तर मोकळं करा, तेल तिथूनच बाहेर पडायला हवं.

नव्यानं लायनिंग मारून घेतलेली प्लेट असेल तर व्हर्नियरनं जाडी मोजा. दणकट म्हणून जाड लायनिंग मारली जाते. जाड प्लेटनं प्रेशर प्लेट मुळातच मागं बसते, बोटं पुढं झुकतात आणि पूर्ण उचल मिळायच्या आधी ती प्लेटच्या हबला टेकतात किंवा स्प्रिंगांचे वेढे एकमेकांवर बसतात. उलटी बसवलेली प्लेटही असंच करते. हबची लांब बाजू बॉक्सकडं. बसवायच्या आधी फ्लायव्हीलवर धरून हातानं फिरवा, हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो का ऐका.

प्रेशर प्लेटची तिन्ही बोटं एका पातळीत हवीत. पट्टी ठेवून फिलर गेजनं मोजा, फरक अर्धा मिमीच्या आत हवा. एक बोट खाली असेल तर प्रेशर प्लेट तिरकी उचलते आणि एका बाजूनं प्लेट धरून ठेवते. फ्लायव्हील स्किम केलं, म्हणजे लेथवर कापून सपाट केलं असेल तर विचारा, किती आणि कुठून. पायरी असलेल्या फ्लायव्हीलची फक्त घासणारी बाजू कापली आणि कव्हर बसायची बाजू तशीच ठेवली तर बोटांचा कोन बदलतो. दोन्ही बाजू सारख्याच खाली घ्याव्या लागतात.

दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन ॲडॅप्टर प्लेटवर बसवलेल्या पिकअपला एक जादा तपासणी. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकशी एककेंद्री आहे का ते फिरवून बघा. ०.००५ इंचाच्या आत असेल तर उत्तम, ०.०१० च्या वर गेलं तर शाफ्ट पायलट बुशात तिरका दाबला जातो. मग दर वर्षी बुश खातं आणि प्रत्येक वेळी नव्या प्लेटचा खर्च होतो. इथं दोष ॲडॅप्टरच्या डॉवेलचा, म्हणजे जागा ठरवणाऱ्या पिनांचा आहे.

पाऊस आणि पूर

गगनबावड्याकडं किंवा राधानगरीकडं पावसाळाभर उभी राहिलेली गाडी नवरात्रात बाहेर काढली की क्लच चिकटलेला मिळतो. लायनिंग आणि फ्लायव्हीलमध्ये गंज धरतो. पहिल्याच दिवशी, पेडल नीट जड लागत असताना गाडी अजिबात सुटत नसेल तर हेच समजा. पेडल दाबून सीटच्या चौकटीपासून लाकडी ठोकळा लावून रात्रभर तसंच ठेवा, बऱ्याच वेळा सकाळी टक् आवाज होऊन सुटतं. नाही सुटलं तर इंजिन आधी न्यूट्रलमध्ये पूर्ण गरम करून बंद करा, मोकळ्या मैदानात तिसरा टाका, क्लच दाबून स्टार्टर मारा आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर देत-सोडत पायाचा ब्रेक लावा. हँडब्रेक वापरू नका. या गाड्यांत तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो आणि धक्का थेट तिथं बसतो. रोज सकाळी पहिल्यांदा गिअर टाकतानाच घासतो आणि नंतर दिवसभर ठीक, असं असेल तर ती दमट हवा आहे, उतरवायचं कारण नाही.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात चिखली-आंबेवाडीकडं किंवा शाहूपुरीत पाण्याखाली गेलेल्या गाडीला मात्र वरचा उपाय करू नका. पंचगंगेचा गाळ बेल हाउसिंगमध्ये बसलेला असतो. ती प्लेट ओढून सुटली तरी गाळ फ्लायव्हील खरवडतो, रिलीज बेअरिंगमध्ये पाणी गेलेलं असतं आणि पायलट बुश कोरडं असतं. बॉक्स उतरवून सगळं धुणं स्वस्त पडतं. बॉक्स आणि ट्रान्सफर केसचं तेलही काढून बघा, दुधाळ निघालं तर दोन वेळा बदला.

हायड्रॉलिक क्लचच्या जुन्या पिकअपला वेगळी सुरुवात करा. स्लेव्ह सिलिंडरचा (फोर्कला ढकलणाऱ्या सिलिंडरचा) रॉड किती सरकतो ते मोजा. पेडल दोन-तीन वेळा पंप केल्यावर गिअर नीट पडत असेल तर लाइनमध्ये हवा. पेडल दाबून धरल्यावर मिनिटाभरात गाडी हळूहळू सरकायला लागली तर मास्टर सिलिंडरचा (पेडलकडच्या सिलिंडरचा) रबर आतून गळतोय. रबरी नळी दाबाबरोबर फुगत असेल तर हाताला कळतं. टाकीत चुकूनही इंजिन ऑइल घालू नका, सगळी रबरं फुगतात.

सगळं जुळवून झाल्यावर प्ले सव्वा इंचावर ठेवा, लॉकनट आवळा आणि दहा अंकांची चाचणी थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी करा. बॉक्समध्ये ९० नंबरचं तेल पातळीपर्यंत. ते घेताना पितळी सिंक्रो रिंगांना चालणारं घ्या, डिफरन्शिअलचं जीएल-५ तिथं नको. नवी लायनिंग बसताना झिजते आणि प्ले कमी होतो, म्हणून ३०० ते ५०० किलोमीटरनंतर पट्टी लावून पुन्हा एकदा मोजा आणि लॉकनट त्याच वेळी परत तपासा.